पगार ६० हजार, मन १५० हॉर्सपॉवरवर: पहिल्या गाडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंजवडी-वाकड पट्ट्यात नोकरी लागून दोन-तीन वर्षं झाली की गाडीचा विषय निघतोच. मला गाड्यांमधलं थोडंफार कळतं असा बोभाटा झाल्यामुळे ऑफिसातली नवी मुलं, मित्रांची भावंडं, भाचे-पुतणे सगळे तेच प्रश्न घेऊन येतात. म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. माझा कल आधीच सांगतो: पंचविशीत, स्वतःच्या पगारावर घेताय तर साधी, कमी खर्चाची गाडी घ्या. वेगवान गाड्या मलाही आवडतात, पण त्या पगाराला बांधून ठेवतात आणि त्या वयात पगाराला बांधलं जाणं फार महाग पडतं.

हातात ६० हजार येतात. बँक १८ लाखांचं लोन द्यायला तयार आहे. मग अडचण कुठे आहे?

बँक तयार आहे, हीच अडचण. तुमचा हप्ता वसूल होईल का, एवढंच बँक बघते. तो भरून तुमच्या हातात काय उरेल हा तिचा प्रश्न नाही.

आकडे मांडू. एक छोटी हॅचबॅक, एक्स-शोरूम ६.८ लाख, ऑन रोड साधारण ८ लाख. २ लाख डाउन पेमेंट, ६ लाखांचं कर्ज, ९ टक्के, ५ वर्षं. हप्ता १२,४५५ रुपये. दुसरी १.५ लिटर टर्बो सेडान, एक्स-शोरूम १८ लाख, ऑन रोड २१ च्या आसपास. ३ लाख भरले, १८ लाखांचं कर्ज घेतलं, आणि हप्ता झेपावा म्हणून सेल्समनने मुदत ७ वर्षं केली. हप्ता २८,९६०. सात वर्षांत नुसतं व्याज सव्वासहा लाखांच्या वर. म्हणजे पहिली गाडी जवळपास व्याजाच्याच पैशांत आली असती.

आता पेट्रोल. महिन्याला १,००० किलोमीटर आणि लिटरला १०४ रुपये धरा. २० चं अॅव्हरेज देणारी गाडी ५,२०० रुपये पिते. टर्बो सेडान शहरात, पाय जड असेल तर, ११ देते. तिचे साडेनऊ हजार होतात. सर्व्हिसिंग, टायर, इन्शुरन्स यांचे महिन्याला छोट्या गाडीसाठी अडीच हजार आणि मोठीसाठी सहा हजार बाजूला काढा. छोटी गाडी महिना २० हजारांच्या आसपास बसते, मोठी साडेचव्वेचाळीस हजारांना. ६० हजारांतून २० हजार हेही काही कमी नाहीत. पण ६० मधून ४४ गेले तर खोलीचं भाडं, डबा आणि घरी पाठवायचे पैसे उरलेल्या पंधरा हजारांत बसवून दाखवा.

आणि खरी गोम पुढे आहे. मॅनेजर डोक्यात जातोय, दुसरीकडे थोड्या कमी पगारात चांगलं काम मिळतंय, किंवा सहा महिने घरी बसून परीक्षेचा अभ्यास करायचाय. साडेबारा हजारांच्या हप्त्यात हे जमवता येतं. २९ हजारांच्या हप्त्यात माणूस राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये ठेवून गाडी पुसत बसतो. हिंजवडीत ले-ऑफच्या अफवा दर तिमाहीला उठतात, तेव्हा कोणाचा चेहरा पडतो ते कॅन्टीनमध्ये बघा.

रोड टॅक्स, इन्शुरन्स तर दोन्हीकडे लागतंच ना?

लागतं, पण सारखं नाही. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीचा एकरकमी कर १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के, त्यावर १३ टक्के. आपल्या हॅचबॅकला ७५ हजार, सेडानला २ लाख १६ हजार. गाडी विकताना हे पैसे कोणी वेगळे देत नाही, ते पहिल्याच दिवशी गेलेले असतात.

जीएसटीतही फरक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के, तिच्यापेक्षा मोठीला ४०. हा कर किमतीतच मिसळलेला असतो, त्यामुळे शोरूममध्ये त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

इन्शुरन्समध्ये एक गंमत आहे. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरपाई देणाऱ्या विम्याचा, दर सीसीवर ठरतो. २०२२ च्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. म्हणजे १२०० सीसीची स्विफ्ट आणि दीड लिटरची टर्बो सेडान इथे एकाच रांगेत. फरक पडतो तो ओन डॅमेजमध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, कारण तो आयडीव्हीवर, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीवर निघतो. इंग्लंडात शिकायला गेलेल्या भाचीने विशीतल्या ड्रायव्हरला तिथे विम्याचा केवढा आकडा सांगतात ते ऐकवलं, तेव्हा कळलं की आपल्याकडे विमा कंपनी गाडी चालवणाऱ्याचं वय फारसं बघतच नाही. त्यामुळे आपल्या पोरांना विम्याचा आकडा घाबरवत नाही. तिकडे तो आकडाच वेगवान गाडीपासून लांब ठेवतो.

आयडीव्हीचा तक्ता एकदा वाचून ठेवा: सहा महिन्यांत ५ टक्के घट, वर्षात १५, दोन वर्षांत २०, मग ३०, ४० आणि पाच वर्षांत ५०. बाजारातला भाव थोडा इकडेतिकडे होईल, पण अंदाज येतो. १८ लाखांच्या गाडीचे पाच वर्षांत ९ लाख गेले, ६.८ लाखांच्या गाडीचे ३.४. आणि पाचव्या वर्षी मोठ्या गाडीच्या कर्जाची दोन वर्षं अजून बाकीच असतात.

मला ड्रायव्हिंगची खरंच आवड आहे. छोट्या गाडीत काय मजा?

हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून जरा सविस्तर.

आधी तुमचं रोजचं ड्रायव्हिंग बघू. सकाळी साडेनऊला भूमकर चौक. समोर कंपनीची बस, डावीकडून रिक्षा घुसतेय, उजवीकडे डिव्हायडरला खेटून दुचाकी. दुसऱ्या गिअरवर गाडी गेली तर नशीब. इथे १५० हॉर्सपॉवर आणि ८० हॉर्सपॉवर एकाच वेळी ऑफिसला पोचतात. एक्स्प्रेस-वेवर कारला ताशी १०० ची मर्यादा आहे, वर कॅमेरे आहेत. समृद्धीवर १२०. ते दोन्ही आकडे साधी हॅचबॅकही गाठते. थोडा वेळ घेऊन गाठते, इतकंच.

आता मजा. नऊशे किलोच्या आसपास वजनाची गाडी, मॅन्युअल गिअर, पहाटेचा ताम्हिणी घाट. वळणाआधी गिअर खाली घ्यायचा, इंजिन ४,००० आरपीएमच्या वर ठेवायचं, वेग टिकवायचा कारण गेलेला वेग परत मिळवायला वेळ लागतो. नेमकी लाइन पकडायला, ब्रेक लवकर सोडायला ही गाडी शिकवते. ताकदवान टर्बो तुमच्या चुका झाकते. वळणावर गोंधळ घातलात तरी पुढच्या सरळ रस्त्यावर पाय दाबला की सगळं भरून निघतं, आणि आपल्याला गाडी येते असा समज होतो.

देशातल्या रेसिंगमध्ये एलजीबी फॉर्म्युला ४ नावाचा वर्ग आहे. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर त्या गाड्या पळताना बघा. त्यांच्यात मारुती स्विफ्टचं इंजिन असतं. वजन कमी केलं आणि हाती बरा ड्रायव्हर असला की तेवढं पुरतं.

वेगाची हौसच भागवायची तर ट्रॅक डे करा, म्हणजे रेसिंगच्या ट्रॅकवर एक दिवस गाडी पळवा. कोइम्बतूर किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई. येण्याजाण्याच्या तिकिटासकट तो खर्च सेडानच्या दोन-एक हप्त्यांत बसतो, आणि समोरून उलट्या दिशेने ट्रॅक्टर येत नाही. किंवा सुट्टीला काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची सेल्फ-ड्राइव्ह गाडी घ्या, दोन दिवस चालवा आणि परत करा.

आणि एक गोष्ट नाइलाजाने लिहितो. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. त्या प्रकरणाचं काय व्हायचं ते कोर्टात होईल. पण "पहिलीच गाडी जोरदार घेऊ, हळूहळू शिकेन" असं कोणी म्हणालं की मला ती पहाट आठवते.

१२ लाखांत जुनी बीएमडब्ल्यू मिळतेय, दिल्ली पासिंग. नव्या हॅचबॅकपेक्षा थोडेच जास्त! घेऊ का?

नको.

दिल्लीची गाडी स्वस्त असण्याचं कारण साधं आहे. दिल्ली-एनसीआरमध्ये डिझेल गाडीला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा गेली कित्येक वर्षं डोक्यावर टांगती राहिली आहे, त्यामुळे तिथले मालक वेळेआधीच गाड्या विकून टाकतात. ती गाडी पुण्यात आणलीत की बारा महिन्यांपुढे त्या नंबरवर कायम ठेवता येत नाही. तिथून एनओसी, फॉर्म २८, इथे नवं पासिंग आणि महाराष्ट्राचा कर गाडीच्या वयानुसार पुन्हा. "ते सगळं आम्ही करून देतो" असं एजंट सांगतो. ते लिहून घ्या आणि आकड्यासह घ्या.

कर भरला तरी नवी असताना ४५ लाखांची असलेली गाडी ४५ लाखांचीच राहते. तुम्ही १२ लाखांत घेतली म्हणून तिचे स्पेअर पार्ट १२ लाखांच्या गाडीचे होत नाहीत. रन-फ्लॅट टायर (पंक्चर झाले तरी काही अंतर चालणारे), चारही बदलायचे तर पाऊण-एक लाखाची गोष्ट. एअर सस्पेन्शन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल, यातलं काहीही एक गेलं तरी वर्षभराची बचत जाते. ओळखीतल्या एका मुलाने अशीच एक जर्मन गाडी घेतली. गिअरबॉक्सचं एस्टिमेट ऐकून त्याने ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून ठेवली, आणि ऑफिसला कंपनीच्या बसने जायला लागला. अजून जातो.

मग सेकंड हँड नकोच का?

उलट, पहिली गाडी सेकंड हँड घेतलीत तर मी खूश होईन. तीन-चार वर्षं जुनी, फर्स्ट ओनर, ४० हजारांच्या आत रनिंग, एमएच १२ किंवा १४ पासिंगची साधी हॅचबॅक. पहिल्या मालकाने घसारा सोसलेला असतो, रोड टॅक्स भरलेला असतो. तुमच्या नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेच्या एनओसीसह फॉर्म ३५. कर्ज उतरलेलं नसताना पूर्ण पैसे देऊ नका.

बघायला जाताना सकाळी जा, इंजिन थंड असताना. पोचण्याआधी गाडी सुरू करून ठेवू नका असं मालकाला बजावा. बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर विचारा, का. ऑइलची कॅप उघडून आतल्या बाजूला दुधाळ, कॉफीसारखा थर दिसला तर इंजिनात पाणी मिसळत असण्याची शंका घ्या.

पुरातली गाडी ओळखायला सीट बेल्ट बघा. पुढचा पट्टा पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढा. बाहेरचा भाग सगळे धुतात, पण गुंडाळून आत राहणाऱ्या हातभर पट्ट्यावर गाळाची तपकिरी रेघ राहते. मग डिकीतली चटई उचला, स्टेपनी बाहेर काढा, खालच्या खळग्यात बोट फिरवा. बारीक माती आणि गंजलेले नटबोल्ट असतील तर गाडीने पूर बघितलाय. २०१९ ला कोल्हापूर-सांगली आणि २०२१ ला चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं, आणि त्यातल्या गाड्या कुठे ना कुठे विकल्या गेल्याच. चकचकीत पॉलिश आणि नवं कोरं सीट कव्हर दिसलं की मी तर आधी नाकाने तपासतो. काचा बंद करून एसी लावायचा, कुबट वास आला तर नमस्कार करून निघायचं.

स्वस्त गाडी म्हणजे पत्र्याचा डबा. सेफ्टीचं काय?

बरोबर प्रश्न. इथे पैसे वाचवू नका. पण महाग आणि सुरक्षित हे एक नाही. टाटा नेक्सॉनला २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या, म्हणजे गाडी आदळवून बघणाऱ्या सुरक्षा चाचणीचे, ५ स्टार मिळाले, पंचला २०२१ मध्ये. आधीच्या पिढीतल्या स्विफ्टला २०२२ मध्ये १ स्टार होता, आणि २०२४ मध्ये नव्या डिझायरला ५. दोन्हींची कंपनी एकच, मारुती. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी आहे, तिचा निकाल बघा, आणि तुम्ही घेताय त्याच पिढीच्या गाडीचा आहे ना तेही बघा. सेल्समन बिनदिक्कत नव्या मॉडेलचे स्टार जुन्या स्टॉकवर चिकटवतो.

महागड्या गाडीचे ब्रेक, टायर चांगले असतात हे मान्य. पण ईएससी (गाडी घसरू लागली तर आपोआप सावरणारी यंत्रणा) आणि सहा एअरबॅग आता छोट्या गाड्यांतही मिळतात. सनरूफच्या व्हेरियंटला द्यायचे पैसे तिकडे वळवा. आणि मागच्या सीटवरच्या आईलाही बेल्ट लावायला सांगा. ती "मागे काय होतंय" म्हणेल.

सीएनजी घेऊ का?

महिन्याला १,२००-१,५०० किलोमीटरच्या वर होत असतील तर घ्या. वॅगन आरचा कागदोपत्री आकडा किलोला ३४.०५ किलोमीटर आहे. रस्त्यावर तेवढं येत नाही, तरी खिशाला फरक पडतो. पण डिकी जाते (टाटांनी २०२३ मध्ये आणलेल्या दोन छोट्या सिलिंडरच्या पद्धतीत थोडी वाचते), घाटात पिकअप पडतो, पंपावर रांग असते. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, करावी लागते. शनिवार-रविवारच गाडी काढणार असाल तर पेट्रोलच बरी.

इलेक्ट्रिक?

स्वतःच्या पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट मिळत असेल तर छोटी इलेक्ट्रिक उत्तम, आणि सिग्नलला सुटताना टर्बोवाल्यालाही मागे ठेवते. भाड्याने राहताय आणि सोसायटीचे सेक्रेटरी "मीटिंगमध्ये ठेवू" म्हणताहेत, तर थांबा.

साधी टर्बो घेऊन रिमॅप करून घेतला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवली तर?

वॉरंटी गेली, आणि क्लेमच्या वेळी सर्व्हेअरने पकडलं तर विम्याचाही वांधा. गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे. कर्कश एक्झॉस्ट लावून मध्यरात्री बाणेर रोडवर फिरणाऱ्यांबद्दल माझं मत इथे छापण्यासारखं नाही.

मधला मार्ग काहीच नाही का?

आहे. चार मीटरच्या आतली १ लिटर टर्बो. ह्युंदाई आय२० एन लाइन ९९८ सीसीत १२० हॉर्सपॉवर देते, सुझुकीची फ्राँक्स टर्बो शंभर. दोन्ही १८ टक्के जीएसटीत आणि थर्ड पार्टीच्या सगळ्यात खालच्या दरात बसतात. हातात ९०-९५ हजार येत असतील, घरची जबाबदारी नसेल आणि आवड खरोखरची असेल तर मी अडवणार नाही. फक्त मॅन्युअल घ्या. ड्युअल क्लच या ऑटोमॅटिक प्रकारच्या गिअरबॉक्सला पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये सरपटत चालवणं मानवत नाही, आणि वॉरंटी संपल्यावर त्याचं काम निघालं तर बिल लाखाच्या घरात जातं.

घरचे म्हणतात, लग्नाचं बघायला सुरुवात केलीय, जरा बरी गाडी घे.

हे मी फार वेळा ऐकलंय, विशेषतः काकांच्या तोंडून. पाहुण्यांना दारात गाडी दिसते, हप्ता दिसत नाही, हा त्यामागचा हिशेब. पण हल्ली मुलीच विचारतात की ईएमआय किती आहे. आणि लग्न ठरलं की हॉल, कपडे, दागिने, घराचं डिपॉझिट हे सगळं त्याच पगारातून निघायचंय. बाबा पैसे देतो म्हणत असतील तर त्यांना डाउन पेमेंट देऊ द्या, हप्ता स्वतः भरा. त्यांच्या पीएफमधून २१ लाखांची गाडी घेणं मला तरी पटत नाही.

दसऱ्याला घेऊ की डिसेंबरच्या डिस्काउंटला?

दसरा-पाडव्याला डिलिव्हरीची घाई असते, सवलत कमी मिळते. डिसेंबरमध्ये सवलत चांगली, पण गाडीवर चालू वर्ष लागतं आणि महिन्याभरात ती एका वर्षाने "जुनी" होते. सात-आठ वर्षं वापरणार असाल तर डिसेंबर. तीन वर्षांत विकायची असेल तर जानेवारी. मुहूर्त आईला विचारा, किंमत स्वतः ठरवा.

मग मी वेगवान गाडी घ्यायचीच नाही का कधी?

घ्या ना. छोटी गाडी पाच वर्षं चालवा, कर्ज फेडून टाका, आणि हप्ता बंद झाल्यावरही तेवढीच रक्कम दरमहा बाजूला काढत राहा. दरम्यान एक काम करा, बारीकसारीक क्लेम करू नका. बंपर घासला तर तीन-चार हजारांत नाक्यावरच्या गॅरेजमध्ये रंगवून घ्या. (महागड्या गाडीत ही चैन नसते. नुसता एलईडी हेडलॅम्प फुटला तरी क्लेम करावाच लागतो.) क्लेम नसलेल्या वर्षांचा नो क्लेम बोनस २०, २५, ३५, ४५ असा चढत पाचव्या वर्षी ५० टक्क्यांवर जातो. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकलीत की विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं. पुढच्या गाडीच्या ओन डॅमेज प्रीमियममध्ये तेवढी सूट मिळते. २० लाखांच्या गाडीवर ती रक्कम चांगलीच जाणवते, म्हणून डीलरने पॉलिसी काढण्याआधी ते पत्र त्याच्या टेबलावर ठेवा.